पहिला ऑपेरा कोणता घ्यावा

सुभेदारांना कोणी विचारलं, लष्करात काय केलंत, की ते सांगायचे, “चोवीस वर्सं बसून वाजवलं.” ऐकणारा हसायचा. सुभेदार हसायचे नाहीत, कारण त्यांनी खरं तेच सांगितलेलं असायचं. बसून हे त्यांच्या वाद्याचं नाव. उभं धरलं तर छातीपर्यंत येणारं, लाकडाचं, फुंकून वाजवायचं, घोगऱ्या खालच्या आवाजाचं विलायती वाद्य. पलटणीच्या बँडमध्ये ते एकच होतं आणि ते यांच्याकडे होतं. निवृत्त होताना ते पुसूनबिसून स्टोअरमध्ये जमा केलं आणि सुभेदार कवठे महांकाळला परत आले. बरोबर एक काळी पत्र्याची ट्रंक. गावाला वाटलं, ट्रंकेत रम असणार. ट्रंकेत ऑपेराच्या सीड्या होत्या.

ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक, पण शब्दन्‌शब्द गायलेलं. सुभेदारांना त्यातलाही फक्त जुना लागायचा, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. त्या काळाला बरोक म्हणतात. सुभेदार ‘बराक’ म्हणायचे. मी एकदा उच्चार सुधारायला गेले तर म्हणाले, “मी बराकीतच ऐकला, बाई. माज्यासाठी त्यो बराकच.”

मी मूळची साताऱ्याची. कवठे महांकाळच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले आणि सुभेदारांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. खाली ते आणि त्यांची बायको राहायची. तिला मी मावशी म्हणायचे. परसात अकरा मेंढ्या. घराणं मूळचं मेंढपाळांचं. कालव्याचं पाणी आल्यावर भाऊबंदांनी द्राक्षं लावली, यांनी मेंढ्याच ठेवल्या.

पहिल्याच रविवारी दुपारी मी पेपर तपासत बसले होते आणि खालून एक आवाज आला. उंच, पातळ, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा हलणारा. मी जिना उतरून खाली गेले. परसात पत्र्याच्या शेडखाली एका लोखंडी खुर्चीवर सुभेदार ताठ बसले होते. शेजारी स्टुलावर सीडी प्लेअर.

“कोण बाई गाते हो ही?” मी विचारलं.

“बाई न्हाई, बाप्या हाय. राजा हाय त्यो.”

मला हसू आलं. सुभेदारांनी प्लेअर बंद केला.

“आपल्याकडं नाटकात बाप्ये लुगडी नेसून गात हुते, तवा सांगलीची मान्सं हसली व्हय? न्हाई. पदर भिजंपातुर रडली. हितं राजा उंच आवाजात गातो. येवढाच फरक.”

मग त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी उभीच होते. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. मला वाटलं, ताल धरलाय. पुढे कित्येक दिवसांनी कळलं की तो ताल नव्हता. त्या गाण्यात खालच्या सुरात जो बसून वाजत असायचा, त्याच्या बोटांच्या जागा ते मांडीवर दाबत असायचे.

त्यांच्या या नादाच्या गोष्टी गावभर होत्या. एकदा एक मेंढी आजारी पडली म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. शेडखाली गाणं चालू होतं. डॉक्टरांनी बॅग उघडली तर सुभेदारांनी हात वर केला. “थांबा, ती परत येनार हाय.” डॉक्टर थांबले. दोन मिनिटं झाली, तीन झाली. शेवटी त्यांनी विचारलं, “कोण, तुमची मंडळी का?” सुभेदार म्हणाले, “गानारी.” त्या जुन्या ऑपेरातल्या गाण्यांची रीतच तशी. पहिला भाग गायचा, मग मधला वेगळा, आणि मग पहिला पुन्हा गायचा, पण या वेळी नक्षीकाम करून. सुभेदार मला समजावून सांगायचे, “येकच गोष्ट मानूस दोनदा सांगतो. पर दुसऱ्यांदा सांगताना त्यो पयला मानूस ऱ्हायलेला नसतो. म्हनून तर परत यायचं.”

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. हे संगीत वाजवायच्या दोन तऱ्हा आहेत. काही लोक आजच्या व्हायोलिनवर, पोलादी तारांवर वाजवतात. काही जुन्या पद्धतीने, आतड्याच्या तारा लावून. “आनि आतडं कुनाचं, म्हाईत हाय? मेंढराचं. मला पयल्या झटक्याला कळतंय. त्या तारंत जनावर बोलतं.” रेकॉर्डिंग निवडताना त्यांची ही पहिली अट असायची. आतड्याच्या तारा नसतील तर सीडी ट्रंकेत शिरायची नाही.

आणि तिसरी गोष्ट. “गानारीकडं सगळेच बगत्यात. तुमी खाली बगा. खाली कोन चाललंय, ते. वरची रडती, खालचा चालत ऱ्हातो. त्यो थांबला तर हिला रडताबी येनार न्हाई.”

ही सगळी वाक्यं मी पुढे सांगलीत एका सभागृहात बोलले. ‘मानूस’चा ‘माणूस’ केला, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, आणि वाक्यं माझी झाली. ते येईलच पुढे.

सहा-सात महिन्यांनी मी त्यांना म्हटलं, “सुभेदार, मलाही एक पूर्ण ऑपेरा ऐकायचाय. पहिला कोणता घेऊ?”

मला वाटलं होतं, ते ट्रंक उघडतील आणि एक काढून देतील. ते मावशींकडे बघून म्हणाले, “च्या टाक,” आणि मला खाली बसायला सांगितलं.

“ताटात गोड आसलं तर आधी खाता का शेवटी?”

“शेवटी.”

“गाडीतनं जाताना खिडकीकडं बसता?”

“हो. पण याचा काय संबंध?”

“कंटाळा आला की काय करता? उठता का बसून ऱ्हाता?”

अशा चौकशा दीड-पावणेदोन महिने चालल्या. मधूनच जिन्यात गाठून एखादा प्रश्न विचारायचे आणि निघून जायचे. मावशी म्हणायच्या, “आवं, एक साधं गानं द्याचं तर किती वाट बगायला लावता त्यास्नी! सोयरीक जुळवाय लागलाय काय?”

“सोयरीकच हाय ती,” सुभेदार म्हणायचे. “पयली चुकली की मानूस परत येत न्हाई.”

हे ते स्वतःवरून बोलत होते. पलटणीच्या बँडबरोबर एकदा ते युरोपात गेले होते. तिथे एका दुकानातून त्यांनी आपला पहिला ऑपेरा घेतला. सोनेरी अक्षरांची जाड पेटी, चार सीड्या, सगळे नावाजलेले गायक. दुकानदाराने सांगितलं, हाच सगळ्यात थोर. परत आल्यावर सुभेदारांनी तो एकदा ऐकला. काही कळलं नाही. आपण मेंढरं राखणाऱ्याची पोरं, हे आपल्यासाठी नव्हे, असं वाटून त्यांनी पेटी ट्रंकेच्या तळाला घातली आणि पुढे सहा वर्षं ऑपेराचं नाव काढलं नाही. सहा वर्षांनी लष्कराच्या संगीत शाळेत एका शिक्षकाने दुसराच एक छोटा ऑपेरा लावला आणि ते जागच्या जागी बसून राहिले. “माजी सा वर्सं गेली, बाई,” ते म्हणायचे. “त्या दुकानदारानं मला काय इचारलंच न्हाई.”

शेवटी एका सकाळी त्यांनी मला दोन सीड्यांचा एक संच दिला. बरोबर पुस्तिका. तिच्यात मूळ शब्द, त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि समासात सुभेदारांच्या हातचं पेन्सिलीतलं मराठी: ‘राणी म्हणते, मी वाट बघून दमले पण दुसरं काय करावं हे मला शिकवलेलं नाही.’ लिहिताना ते शुद्ध लिहायचे. एका राणीची गोष्ट होती. नवरा लढाईवर गेलेला, परत येत नाही, दरबार म्हणतो दुसरं लग्न कर. पाचच माणसं गाणारी.

“दिवसाला एक अंक. पुस्तिका हातात पायजे. ऐकता ऐकता भाजी निवडायची न्हाई. रडू न्हाई आलं तर घाबरायचं न्हाई.”

“पण हाच का?”

“हिचा आवाज जरा थकलाय. राणीबी थकल्याली हाय. तुमी घर सोडून हितं एकट्या ऱ्हाताय. तुमास्नी कळंल.”

पहिल्या अंकात मला कंटाळा आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी राणीचं एक गाणं चालू असताना मी सहज खाली बघितलं, म्हणजे ते सांगायचे तसं खालच्या सुराकडे कान दिला, आणि तो चालत असलेला मला ऐकू आला. मी संपेपर्यंत हलले नाही. खाली जाऊन सुभेदारांना सांगितलं. ते मेंढीचा खूर बघत होते. वर न बघता म्हणाले, “झालं तर मग.” पण त्या दिवशी मावशींनी मला वाटीभर शिरा आणून दिला आणि म्हणाल्या, “ह्यांनी कराय लावला.”

सुभेदार आता नाहीत. ते गेले तेव्हा मी बदलून साताऱ्याला आले होते. कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर चार ओळी लिहून मागितल्या होत्या. त्या मी तेव्हा लिहिल्या नाहीत. वेळ नाही म्हणाले. वेळ होता.

सांगलीत शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. आमच्या प्राचार्यांकडून त्यांच्या अध्यक्षांना कळलं की आमच्या कॉलेजात एक बाई पाश्चात्त्य ऑपेरा ऐकतात. त्यांचा फोन आला. सभासदांना काहीतरी नवीन ऐकायचंय, नवख्या माणसाने ऑपेराकडे कसं वळावं यावर तुम्ही बोला, उदाहरणं ऐकवा. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला हा नाद कुठून लागला? परदेशात होतात का?”

तेव्हा सांगायचं होतं की घरमालकांकडून. एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, “वडिलांकडून. घरात पहिल्यापासून वातावरण होतं.”

माझ्या वडिलांनी सगळी नोकरी कोयनानगरच्या वसाहतीत काढली. रेडिओवर बातम्या सोडून त्यांनी दुसरं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

सुभेदारांना मी भाषणाचं सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी मेंढ्या चारायला भावकीतल्या एकाला पाठवलं आणि दिवसभर ट्रंक उपसत बसले. महिनाभर आम्ही तयारी केली. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, किती मिनिटं. मी वहीत उतरवून घेत होते. शेवटी ते म्हणाले, “मीबी येऊ का? मागं बसतो.”

“तुम्हाला कशाला त्रास,” मी म्हटलं. मला मनातून ते नको होते. त्यांना तो माझा सभ्यपणा वाटला.

मी एका सहकाऱ्याच्या गाडीतून पुढे गेले. सुभेदार एसटीने आले. सभागृहातल्या यंत्राचा भरवसा नाही म्हणून स्वतःचा प्लेअर मांडीवर घेऊन, सीड्यांची पिशवी खांद्याला लावून. अंगात पलटणीचा निळा ब्लेझर, गळ्यात टाय, आणि कपाळावरून घामाच्या धारा. मी दारात अध्यक्षांशी बोलत उभी होते. ते समोर येऊन उभे राहिले, सावधानमध्ये.

“हे कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“आमचे घरमालक आहेत,” मी म्हटलं. “सामान घेऊन आलेत.”

सुभेदारांनी ते ऐकलं. एक क्षणही गेला नाही. त्यांनी अध्यक्षांना मान लववली, आत जाऊन टेबलावर प्लेअर ठेवला, वायर जोडली आणि बाजूला उभे राहिले. अध्यक्ष मला म्हणाले, “बरं झालं, यंत्र लावायला माणूस झाला.” आणि भाषणभर सुभेदार यंत्राशी उभे राहिले. खुर्ची कोणी दिली नाही. मीही दिली नाही.

मी चांगलं बोलले. मला माहीत आहे, कारण लोक माना डोलवत होते. परत येणाऱ्या गाण्याचं बोलले. आतड्याच्या तारांचं बोलले, तेव्हा पुढच्या रांगेतला एक तबलजी वाहवा म्हणाला. खालच्या सुराचं बोलले. दर वेळी मी सुभेदारांकडे मान हलवायची आणि ते गाणं लावायचे. दोनदा मी गाण्याचा क्रमांक चुकीचा सांगितला. दोन्ही वेळा त्यांनी बरोबर गाणं लावलं आणि भिंतीकडे बघत राहिले.

शेवटी प्रश्नोत्तरं. एक सत्तरीचे गृहस्थ उठले. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, विश्रामबागेत राहणारे. हातात चष्म्याचं घर होतं, ते सारखं उघडत-मिटत होते.

“बाई, मला एक घ्यायचाय. घरी आजारी माणूस आहे, तिच्यासाठी. पहिला कोणता घेऊ?”

उत्तर देण्याआधी विचारायचं असतं, हे त्या सभागृहात माझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं. मी विचारलं नाही. लोक बघत होते. आदल्या दिवशी इंटरनेटवर एक यादी वाचली होती. त्यात पहिल्या क्रमांकावर एक रेकॉर्डिंग होतं. चार सीड्यांचं, मोठमोठ्या नावांचं. मी ते ऐकलेलं नव्हतं. त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. मी त्याचं नाव स्वच्छ उच्चारात सांगितलं आणि पुढे म्हटलं, “याला पर्याय नाही.”

पोस्टमास्तरांनी खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. सुभेदारांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला, वर्गात मुलाचा येतो तसा. माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं. मी म्हटलं, “वेळ संपत आली वाटतं,” आणि तो हात खाली गेला.

टाळ्या झाल्या. शाल दिली. गाडीत मागे एक जागा होती, पण सुभेदार एसटीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याशी उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. दाराशी मी काय म्हटलं, त्याचा जाब विचारतील. मी उत्तर तयार केलं होतं, गडबडीत तोंडातून गेलं म्हणून.

“त्या पोस्टमास्तरांचा पत्ता हाय का?” ते म्हणाले.

“कशाला?”

“त्यास्नी इचारलं न्हाई आपन काय. आजारी कोन हाय, काय झालंय. त्यो तुमी सांगितल्याला लय मोठा हाय, बाई. आजारी मान्साला न्हाई सोसायचा.”

‘आपण’ म्हणाले. मी म्हटलं, “पत्ता नाही माझ्याकडे. अध्यक्षांकडेही नसेल.” अध्यक्षांना फोन केला असता तर पाच मिनिटांत मिळाला असता. पण मग सांगावं लागलं असतं की मी चुकीचं सांगितलं, आणि ते मला कुणी सांगितलं.

तीन आठवडे ते रोज विचारत होते. मी रोज काहीतरी सांगत होते. मग त्यांनी विचारणं बंद केलं आणि मला बरं वाटलं. गुरुवारी ते घरी नसायचे. मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “सांगलीला जात्यात. डबा घिऊन. काय काम हाय काय की, मला काय सांगत न्हाईत.” मी पुढे विचारलं नाही.

दोन महिन्यांनी मला कॉलेजात पोस्टमास्तरांचा फोन आला. नंबर अध्यक्षांकडून घेतला, म्हणाले.

“बाई, तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुम्ही सांगितलेला तो मोठा ऑपेरा आम्हाला झेपला नाही हो. हिने तासाभरात तोंड भिंतीकडे फिरवलं. मी म्हटलं, आपली पात्रता नाही. पेटी कपाटात ठेवून दिली. आणि मग सुभेदार पोस्टात माझा पत्ता विचारत घरी आले, तुम्हीच पाठवलंत त्यांना.”

“मी?”

“ते म्हणाले ना. बाईंनी पाठवलंय, त्या दिवशी गडबडीत दुसरंच नाव सांगितलं गेलं, म्हणून बदलून द्यायला आलोय.”

पुढचं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या पत्नी गाण्याच्या शिकवण्या घ्यायच्या. अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. ऐकू सगळं येतं. पण ओळखीची चीज लावली की त्यांना रडू आवरत नाही, कारण ओठ गायला जातात आणि आवाज निघत नाही. म्हणून पोस्टमास्तरांना त्यांनी कधीच न गायलेलं, न ऐकलेलं काहीतरी हवं होतं. हे सुभेदारांनी पहिल्या दिवशी तासभर बसून विचारून काढलं होतं. मग घरी जाऊन विचार केला आणि पुढच्या गुरुवारी एक रेकॉर्डिंग नेलं, ज्यात एकही बाई गात नाही. राणीसुद्धा पुरुषच गातो. पोस्टमास्तरांना म्हणाले होते, “बाई गायली की ह्यास्नी आपला आवाज आठवनार. ह्यो आवाज कुनाचाच न्हाई. ह्यो ऐकाय जमंल.” आणि जमलं होतं.

“दर गुरुवारी एक अंक ऐकतो आम्ही. सुभेदार पुस्तिकेतलं मराठी करून वाचून दाखवतात. बाई, खेड्यातला माणूस, पण किती तयार केलंय तुम्ही त्यांना! म्हणाले, मला सगळं बाईंनी शिकवलं.”

फोन कानाला लावून मी स्टाफरूममध्ये उभी होते. समोर दोन सहकारी डबा खात होते. मी म्हटलं, “हो. ते लक्ष देऊन ऐकतात.”

त्या वाक्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी रजा टाकली आणि सुभेदारांबरोबर एसटीत बसले. त्यांनी का येताय म्हणून विचारलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन मला खिडकीकडची जागा दिली.

पोस्टमास्तरांच्या घरात खिडकीशी पलंग होता. त्यांच्या पत्नी उशीला टेकून बसवलेल्या होत्या. सुभेदारांनी प्लेअर लावला, पुढे काय होणार ते दोन वाक्यांत वाचून दाखवलं आणि खुर्चीवर ताठ बसले. गाणं सुरू झालं. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांचे ओठ हलत नव्हते. एक हात चादरीवर शांत पडलेला होता.

पोस्टमास्तर त्यांच्या कानाशी वाकून हळू म्हणाले, “या बाई आल्यात बघ. आपल्या सुभेदारांच्या गुरू.”

मला ते सहन झालं नाही. “नाही,” मी म्हटलं, मोठ्याने. “मी त्यांना काही शिकवलं नाही. त्यांनी मला शिकवलं. त्या दिवशी मी बोलले ते सगळं त्यांचं होतं. आणि तुम्हाला सांगितलं ते रेकॉर्डिंग मी…”

“बाई,” सुभेदार म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “गानं चालू हाय.”

पोस्टमास्तर गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा सुभेदारांकडे बघत होते. त्यांच्या पत्नीने डोळे उघडले होते. ते त्यांनी पुन्हा मिटले. पहिला भाग झाला, मधला झाला, पहिला पुन्हा आला. अंक संपायला चाळीस-पन्नास मिनिटं लागली असतील. मग चहा झाला, भडंग झालं. पोस्टमास्तरांनी मला मघाशी काय म्हणत होतात म्हणून विचारलं नाही. अर्धवट वाक्य पुरं करायला मला कोणाचीच आडकाठी नव्हती. मी ते पुरं केलं नाही. चहा छान झालाय म्हणाले.

परतीच्या एसटीने मिरज गाठलं. मग मी म्हटलं, “सुभेदार, त्या दिवशी दारात मी तुम्हाला…”

“घरमालक म्हनला. हायच की मी.”

“सामान घेऊन आलेत म्हटलं.”

“आनलंच हुतं की सामान.”

“मी शिकवलं असं का सांगितलंत त्यांना?”

“तुमचं खोटं पाडलं आसतं, तर त्या मान्सानं पुन्यांदा कुनाचं ऐकलं नसतं. घरात ती बाई तशी पडल्याली.” मग म्हणाले, “त्याचं काय न्हाई. पर बाई, तुमी न ऐकल्यालं सांगितलं.”

एवढंच बोलले. माफी मागायची राहिली होती, ती मी मागितली. त्यांनी मान हलवली. माफ केलं की ऐकलं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर मी त्या घरात दीड वर्ष होते. सुभेदारांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. संक्रांतीला तिळगूळ दिला. मला ताप आला तेव्हा स्वतः रिक्षा घेऊन आले. खाली गाणं चालू असलं आणि मी गेले तर खुर्ची पुढे करायचे. गुरुवारी सांगलीला जायचे. पोस्टमास्तरांच्या पत्नी गेल्या त्या आठवड्यापर्यंत ते जात होते. मी पुन्हा गेले नाही.

राणीचा तो ऑपेरा माझा चार-पाचदा ऐकून झाला होता. एका संध्याकाळी मी खाली जाऊन विचारलं, “सुभेदार, आता याच्यापुढचा कोणता ऐकू?”

“तुमी शिकल्याल्या हाय,” ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. “तुमीच बगा.”

काही महिन्यांनी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं, तितक्याच मायेने.

बदलीचा हुकूम आला तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. मावशी तिथेच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. “आवं, सांगा की त्यास्नी एखादं. चालल्या त्या आता.”

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते काहीतरी विचारणार, गोड आधी खाता का शेवटी, असलं काही. मी वाट बघत उभी राहिले. ते उठले, बादली उचलली आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला गेले.